चूल, बंब आणि इन्सर्ट

गेले दोन-तीन वीकेंड लिहायला वेळ मिळाला नाही. कारण विचाराल तर लाकडं रचत होतो. हो, लाकडंच! कोड लिहिणारा माणूस सरपण रचतोय हे बघून बायकोने फोटो काढून सगळ्या नातेवाइकांना पाठवले. असो.

तर झालं असं. आम्ही न्यू हॅम्पशायरमध्ये एक जुनं घर घेतलं. ऑइलवर चालणारी हीटिंग सिस्टिम आणि हॉलमध्ये विटांची ऐसपैस फायरप्लेस. पहिल्याच हिवाळ्यात वादळात वीज गेली ती दोन दिवस आलीच नाही. ऑइलची टाकी भरलेली, पण बर्नर आणि पंप चालतात विजेवर. म्हणजे पातेलंभर भात आहे आणि झाकण उघडत नाही अशी गत! बाहेर उणे पंधरा. दुसऱ्या दिवशी सकाळी घरात 9 डिग्री होतं. मग मोठ्या उत्साहाने फायरप्लेस पेटवली. समोर बसलं की तोंड भाजायचं आणि पाठ गारठायची, आणि वरच्या खोल्या तर आणखीनच गार!

कारण नंतर वाचल्यावर कळलं. उघड्या फायरप्लेसमध्ये लाकडातली जेमतेम दहा टक्के उष्णता घरात येते. बाकीची चिमणीतून वर जाते, आणि जाताना घरातली गरम हवाही ओढून नेते. तिच्या जागी फटीफटीतून बाहेरची थंड हवा आत. थोडक्यात, आम्ही लाकडं जाळून अंगण गरम करत होतो.

शेजारचे आजोबा म्हणाले, हे तर काहीच नाही. डिसेंबर 2008 च्या आइस स्टॉर्ममध्ये या राज्यात चार लाखांहून जास्त ग्राहकांची वीज गेली होती, काहींची तर दोन आठवडे. त्यांच्या घरात तेव्हा इन्सर्ट होता म्हणून निभावलं.

इन्सर्ट म्हणजे काय, तर फायरप्लेसच्या पोकळीत सरकवायची लोखंडी बंद शेगडी. समोर काचेचं दार, हवा कमी-जास्त करायचा दांडा, आणि धूर न्यायला चिमणीतून वरपर्यंत सोडलेला स्टीलचा पाइप, म्हणजे लायनर. लाकडाचा धूर म्हणजे अर्धवट जळालेलं इंधनच. तो आतच वरच्या बाजूला दुसऱ्यांदा पेटतो. त्यामुळे चांगल्या इन्सर्टमध्ये सत्तर टक्क्यांच्या आसपास उष्णता घरात राहते. मला तर बघताक्षणी आमच्या गावाकडचा तांब्याचा बंब आठवला. तोच प्रकार, फक्त पाण्याऐवजी हवा तापवायची.

निर्णय झालाच म्हणून मी आईला फोन केला. ती हिवाळ्यात चार महिने येणार होती. पलीकडे जरा वेळ शांतता.

"एवढं शिकलास, अमेरिकेला गेलास, आणि परत चुलीवर आलास व्हय रे?"

मी हसलो, पण ती हसली नाही. आणि मग मला आठवलं. वाईजवळच्या आमच्या घरात मी दुसरीत असेपर्यंत चूल होती. आजी पहाटे फुंकणी घेऊन बसायची, भिंत काळी, डोळे लाल. शेवटची काही वर्षं तिला दोन वाक्यं सलग बोलता यायची नाहीत. आईलाही दम्याचा पंप लागतो. गॅस आला त्या दिवशी आईने शेगडीला हळद-कुंकू लावलं होतं. आणि मी तिच्यासाठी काय निवडत होतो? लाकडं!

महिनाभर विषय बंद. पण विजेचं काय करायचं हा प्रश्न होताच. जनरेटरचा हिशोब केला, हीट पंपचा केला. हीट पंप रोजच्यासाठी छान, पण तोही विजेवरच. शेवटी ठरवलं की घ्यायचा तर इन्सर्टच, पण असा की घरात धूर येता कामा नये. मग आपली नेहमीची सवय, एक्सेल शीट :)

पहिली अट, धूर. अमेरिकेत मे 2020 पासून नव्या शेगड्यांना तासाला 2 ग्रॅम कणांची मर्यादा आहे (खऱ्या फाट्याच्या सरपणावर चाचणी केली तर 2.5). मी त्याहून बरेच कमी आकडे असलेलेच मॉडेल ठेवले. दुसरी अट, विजेविना चालणं. काही इन्सर्ट भिंतीशी सपाट बसतात, दिसतात झकास, पण त्यांची बरीच उष्णता पंख्याशिवाय बाहेर येत नाही. म्हणून मी पुढे आलेला निवडला. त्याच्या डोक्यावर चहाही होतो! तिसरी अट, आकार. रात्री भरला की सकाळी निखारे हवेत, म्हणून सुमारे तीन घनफुटांचा. मात्र मोठा घेऊन हवा कोंडून धुमसत ठेवला तर लायनरमध्ये क्रिओसोट साचतं आणि तेच एक दिवस पेट घेतं. त्यामुळे कमी थंडीत लहान पण धगधगीत जाळ करायचा, हे स्वतःला बजावून ठेवलं.

चौथी गोष्ट मी शीटमध्ये लिहिलीच नव्हती. लाकूड! इथे लाकूड 'कॉर्ड'वर मिळतं, म्हणजे 128 घनफुटांचा रचलेला ढीग. विक्रेता म्हणाला, "एकदम वाळलेलं आहे." मी खूश. पर्मिट झालं, इन्शुरन्सवाल्यांना कळवलं, इन्सर्ट बसला, कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावला. आई आली. मी ऐटीत पेटवायला गेलो, तर लाकूड फसफसायला लागलं आणि काच काळी.

आई पाच मिनिटं बघत राहिली. मग उठली, ढिगातले दोन ओंडके घेऊन एकमेकांवर आपटले. थप्प.

"ओलं आहे. वाळलेलं ठण्णकन वाजतं. फसवलं तुला."

मी ओंडका फोडून आतल्या ताज्या बाजूला मीटर लावला. 31 टक्के. हवं वीसच्या खाली! ओकला वाळायला दोन-दोन वर्षं लागतात हे मी नंतर वाचलं. आईने ते आवाजावरून सांगितलं होतं. मग त्या सीझनला भुशाच्या दाबलेल्या विटा आणल्या. काच स्वच्छ राहिली.

घरातले कण मोजायला मी आधीच एक यंत्र आणून ठेवलं होतं. जाळ धगधगत असताना आकडा हलायचा नाही. दार उघडून लाकूड घातलं की थोडा वर. आणि सगळ्यात वर कधी गेला सांगू? बायकोने मिरचीची फोडणी दिली तेव्हा! तरी नियम केला, लाकूड घालताना आईने दुसऱ्या खोलीत बसायचं. जास्त धूर होतो तो पेटवताना, तेवढी वीस मिनिटं.

एक दिवस दुपारी आई दिसेना. बघतो तर ती कोट घालून बर्फात उभी, मान वर करून चिमणीकडे बघतेय.

"काय गं?"

"धूर कुठं जातो ते बघत होते. शेजाऱ्यांकडे जात असला तर?" जरा थांबून म्हणाली, "काही दिसत नाही रे. नुसती हवा हलतेय."

आत येऊन ती इन्सर्टसमोर बसली, हात शेकत. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "आजीला असं काचेचं दार मिळायला पाहिजे होतं."

सध्या मागच्या अंगणात दोन कॉर्ड ओक वाळतोय. दर रविवारी दोन ओंडके आपटून बघतो. अजून थप्पच येतंय.