पारख

वस्तू विकत घेणे सोपे असते. ती पारखून घेणे मात्र अवघड असते. पैसे मोजून द्यायला क्षणभरही लागत नाही. पण ते योग्य ठिकाणी गेले की नाही, हे कळायला कित्येकदा वर्ष-दोन वर्षे जावी लागतात. म्हणूनच जुन्या जाणत्या माणसांनी खरेदी ही एक विद्या मानली आणि तिला ‘पारख’ असे नाव दिले.

ही विद्या खेड्यातील माणसाला कोणी पुस्तकातून शिकविलेली नसते. धाराशिव जिल्ह्यातील ढोकी हे गाव पाहावे. मिरज-लातूर लोहमार्गावरील हे एक स्थानक. साखर कारखान्यामुळे पंचक्रोशीत त्याचे नाव सर्वांच्या ओळखीचे झाले. येथील शेतकरी बैल घेताना त्याचे दात मोजतो, खूर निरखतो आणि चार पावले चालवून पाहतो. उस्मानाबादी शेळी घेताना तिची कास आणि डोळ्यांतील तेज पाहिल्यावाचून तो किमतीची गोष्ट काढीत नाही. ज्वारीचा दाणा दाताखाली फोडून तो त्यातील ओल ओळखतो. घरातील गृहिणीही माठ घेताना तो बोटांच्या पेरांनी वाजवून पाहते. खणखणीत नाद आला तर माठ पक्का. बद्द आवाज आला तर त्याला कोठेतरी चीर गेलेली असणार.

माठ म्हटला की या भागात तेर आठवल्यावाचून राहत नाही. ढोकीजवळचे तेर म्हणजे प्राचीन काळचे तगर नगर. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी येथील माल भडोचच्या बंदरात जाई आणि तेथून दूरदेशी रवाना होई. याच तेरचे संत गोरोबा जातीने आणि व्यवसायाने कुंभार होते. त्यांची एक कथा महाराष्ट्रात घरोघरी सांगितली जाते. संतांचा मेळा भरला असता मुक्ताबाईंनी गोरोबांचे थापटणे पाहिले आणि ते कशासाठी असते, असे विचारले. कोणते मडके कच्चे व कोणते पक्के, हे यावरून कळते, असे गोरोबांनी सांगितले. तेव्हा मुक्ताबाई म्हणाल्या की, येथे बसलेली ही मडकीही एकदा पाहावीत. गोरोबांनी प्रत्येकाच्या डोक्यावर थापटणे मारले. सारे संत शांत राहिले. नामदेवांना मात्र राग आला. गोरोबांनी निर्णय दिला, की हे मडके अजून कच्चे आहे! बाहेरून सारखी दिसणारी मडकी आतून सारखी नसतात, आणि आतले ओळखायचे तर योग्य जागी थापटणे मारावे लागते, हेच या कथेचे मर्म होय.

परंतु आज घराघरांत अशी एक वस्तू येऊन बसली आहे की, तिला ना दात, ना कास, ना नाद. ती वस्तू म्हणजे स्मार्टफोन. दुकानातील काचेच्या कपाटात एका ओळीत मांडलेले फोन पाहावेत, तर सारेच काळेभोर, सारेच गुळगुळीत आणि सारेच चकचकीत! एकाची किंमत नऊ हजार, तर शेजारच्याची एकोणीस हजार. हा भेद कशाचा, हे डोळ्यांना दिसत नाही. मग त्याला थापटणे मारावे तरी कोठे?

या वस्तूचे वय फार मोठे नाही. ३ एप्रिल १९७३ रोजी मार्टिन कूपर या अभियंत्याने न्यूयॉर्कच्या रस्त्यावर उभे राहून हातातील बिनतारी दूरध्वनीवरून पहिले संभाषण केले. त्या यंत्राचे वजन एक किलोहून अधिक होते. भारतात ३१ जुलै १९९५ रोजी कोलकाता आणि दिल्ली या शहरांदरम्यान भ्रमणध्वनीवरून पहिले संभाषण झाले. तेव्हा हा फोन केवळ बोलण्यासाठी होता. पुढे त्यात घड्याळ आले, छायाचित्रक आला, नकाशा आला, पेढी आली आणि शाळाही आली. शेतकऱ्याचे तर एक महत्त्वाचे काम त्यातच येऊन बसले. १५ ऑगस्ट २०२१ पासून महाराष्ट्रात ‘ई-पीक पाहणी’ सुरू झाली. शेतकऱ्याने आपल्या शेतात उभे राहून पिकाचे छायाचित्र काढावे आणि सातबाऱ्यावर पिकाची नोंद स्वतःच करावी, अशी ही योजना आहे. म्हणजे कालपर्यंत चैनीची वाटणारी वस्तू आज शेतीच्या अवजारांच्या रांगेत जाऊन बसली.

ढोकीतील एका शेतकरी कुटुंबात हाच प्रश्न उभा राहिला. घरात एकच जुना फोन होता आणि तोही केवळ बटणांचा. खरिपाच्या पीक पाहणीच्या वेळी वडिलांना शेजाऱ्याचा फोन मागावा लागला. शेजारी नेमका परगावी गेलेला. तो परतला तेव्हा मुदतीचे दोनच दिवस उरले होते. नोंद कशीबशी झाली. पण पुन्हा असा जीव टांगणीला लावायचा नाही, असे वडिलांनी ठरविले. सोयाबीन लातूरच्या बाजारात गेले आणि आडत्याकडून पट्टी मिळाली. त्यातून उधारी फेडायची होती, हरभऱ्याची पेरणी तोंडावर आली होती आणि फोनही घ्यायचा होता. रक्कम एक आणि वाटा अनेक!

घरात प्रत्येकाचे मत निराळे होते. थोरला मुलगा पोलीस भरतीची तयारी करीत होता. त्याला एकोणीस हजारांचा फोन आवडला होता. कारण त्याच्या जाहिरातीत छायाचित्रकाचा आकडा १०८ होता. वडिलांची नजर नऊ हजारांच्या फोनवर होती. कारण पैसे वाचत होते. आजीला पुण्यात कामाला असलेल्या धाकट्या मुलाचे तोंड पाहायचे होते आणि त्याचे बोलणे नीट ऐकू यायला हवे होते. सातवीत शिकणारी मुलगी मात्र गप्प होती. तिने वहीचे एक पान घेतले आणि त्यावर फोनची नावे न लिहिता घरातील कामांची नावे लिहिली : शेतातील नोंद, दादाचा अभ्यास, तिचे धडे, आजीचे बोलणे, पेढीचे व्यवहार. त्या प्रत्येक कामाला काय लागते, ते तिने पुढच्या रकान्यात लिहिण्यास आरंभ केला. शाळेतील गुरुजींना विचारून आणि गावातील फोन दुरुस्त करणाऱ्या कारागिराशी बोलून दोन दिवसांत तिने ते पान भरून काढले.

त्या पानावरील पहिली गोष्ट होती विद्युत्घटाची, म्हणजे बॅटरीची. तिची क्षमता मिलिअँपिअर-तास या मापात सांगतात; अलीकडे ५,००० हा आकडा सर्रास आढळतो. पण आकडा मोठा म्हणजे फोन अधिक वेळ चालेल, असे नेहमीच होत नाही. विहिरीत पाणी किती आहे, याबरोबरच मोट केवढी आहे, हेही पाहावे लागते. पडदा फार उजळ असेल आणि आतील यंत्रणा फार वीज ओढणारी असेल, तर मोठी बॅटरीही लवकर रिकामी होते.

दुसरी गोष्ट स्मरणाची. फोनमध्ये दोन प्रकारचे स्मरण असते आणि पुष्कळांचा येथेच घोटाळा होतो. एक स्मरण खळ्यासारखे असते. चालू काम तेथे पसरलेले असते. यालाच ‘रॅम’ म्हणतात. खळे लहान असेल तर एका वेळी थोडीच रास मळता येते. दुसरे स्मरण कणगीसारखे असते. छायाचित्रे, धडे आणि कागदपत्रे त्यात साठून राहतात. विकत घेताना कणगीचा जो आकडा सांगतात, त्यातील काही भाग फोनची स्वतःची यंत्रणाच अडवून बसते. म्हणून अगदी लहान कणगी लवकर भरते आणि मग फोन मंद होतो.

तिसरी गोष्ट छायाचित्रकाची. मेगापिक्सेल म्हणजे दहा लाख बिंदू. बिंदू अधिक असले म्हणजे चित्र चांगले येईलच, असे मात्र नाही. चित्राचा खरा प्राण प्रकाश होय. प्रकाश गोळा करणारा आतील तुकडा लहान असेल, तर नुसत्या बिंदूंच्या गर्दीने फारसे साधत नाही. म्हणूनच अनेक फोन शेजारशेजारचे चार किंवा नऊ बिंदू मिळून एकच बिंदू करतात. ५० मेगापिक्सेल असे ज्यावर लिहिलेले असते, त्यातून नेहमीचे चित्र बहुधा साडेबारा मेगापिक्सेलचे निघते, ते याच कारणाने. सोयाबीनच्या किंवा हरभऱ्याच्या पिकाची नोंद करण्यास तेवढे चित्र पुरून उरते.

चौथी गोष्ट जाहिरातीत क्वचितच दिसते. फोन बनविणारी कंपनी त्याच्या यंत्रणेतील दोष वेळोवेळी दुरुस्त करून पाठविते. कुंपणाला पडलेले भगदाड बुजविण्यासारखेच हे काम आहे. किती वर्षे ही दुरुस्ती मिळणार, ते प्रत्येक फोनचे निराळे असते. ती थांबली तरी फोन चालू राहतो. पण भगदाडे उघडी पडू लागतात. ज्या फोनवरून पेढीचे व्यवहार व्हायचे, त्याच्या बाबतीत ही गोष्ट क्षुल्लक मानता येत नाही.

हे पान खिशात घालून सारे कुटुंब गावातील एका दुकानात गेले. दुकानदाराने तीन फोन पुढे ठेवले : नऊ, तेरा आणि एकोणीस हजारांचे. मुलीने तिन्ही फोन एकेक करून उन्हात नेले आणि पडद्यावरील अक्षरे वाचता येतात का, ते पाहिले. शेतात काही सावली नसते! नऊ हजारांच्या फोनवरील अक्षरे उन्हात पुसटली. नंतर तिने अक्षरे मोठी करून आजीला दाखविली आणि पुण्याला काकांशी बोलणे लावून दिले. तेरा आणि एकोणीस हजारांच्या फोनांवर आजीला आवाज सारखाच स्पष्ट ऐकू आला.

“शेठ, या फोनांना सुरक्षिततेची दुरुस्ती किती वर्षे मिळेल?” मुलीने विचारले.

दुकानदार क्षणभर थबकला आणि हसला. “पोरी, हे आजवर कोणी विचारले नव्हते,” असे म्हणून त्याने माहिती काढून पाहिली. तेरा हजारांच्या फोनला कंपनीने चार वर्षांचे वचन दिले होते. उरलेल्या दोघांना दोन वर्षांचेच होते.

एवढ्यात आजीने एक साधा प्रश्न टाकला. “बिघडला तर नीट कुठं करून मिळतो?” तेरा हजारांच्या फोनचे दुरुस्ती केंद्र लातुरास होते, इतर दोन्ही फोन पुण्याला पाठवावे लागणार होते. शेळी घेताना तिचा मालक जवळच्या गावचा आहे ना, हे पाहणाऱ्या आजीचा हा प्रश्न साऱ्या आकड्यांहून वजनदार ठरला.

तरीही थोरल्या मुलाचे मन एकोणीस हजारांच्या फोनवरून हलेना. तेव्हा मुलीने वही त्याच्या हाती दिली. “दादा, हिशेब तूच कर,” ती म्हणाली. त्याने पेन्सिल घेतली. किमतीला दुरुस्तीच्या वर्षांनी भागले. एकोणीस हजारांच्या फोनचा वर्षाला साडेनऊ हजार रुपये खर्च येत होता. नऊ हजारांचा फोन वर्षाला साडेचार हजारांना पडत होता, आणि तेरा हजारांचा अवघ्या सव्वातीन हजारांना. स्वस्त दिसणारा फोन स्वस्त नव्हता आणि महाग दिसणारा चांगलाच होता असेही नव्हते. पडद्याची लांबीरुंदी मधल्या आणि वरच्या फोनची एकच होती. त्याच्या अभ्यासात काही उणे पडणार नव्हते. तो काही वेळ आकड्यांकडे पाहत राहिला. मग त्यानेच मधला फोन उचलून वडिलांच्या हाती दिला. “अण्णा, हाच घ्या,” तो म्हणाला. वाचलेल्या सहा हजारांतून हरभऱ्याच्या बियाण्याची सोय झाली. बाकीच्या रकमेत त्याला मैदानावर धावण्यासाठी बूट आले. आजवर तो अनवाणीच धावत असे.

खरेदी येथेच संपली नाही. वडिलांनी पक्के बिल घेतले. प्रत्येक फोनला पंधरा अंकी ओळखक्रमांक असतो. *#०६# असे दाबले की तो पडद्यावर उमटतो. तो क्रमांक, खोक्यावरील क्रमांक आणि बिलावरील क्रमांक एकच आहेत ना, हे मुलीने ताडून पाहिले. फोन हरवला किंवा चोरीस गेला तर याच क्रमांकावरून तो बंद करता येतो. पक्के बिल हाती असेल तर ग्राहकाला दाद मागता येते. त्यासाठी ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ आहे. जुना फोन उकिरड्यावर न टाकता तो निकामी यंत्रे गोळा करणाऱ्यांकडे देण्याचे ठरले. कारण आतील रसायने मातीत मिसळली तर ती मातीलाच बाधतात.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. तेरा हजारांचाच फोन सर्वांनी घ्यावा, असा याचा अर्थ नव्हे. ज्याचा चरितार्थ छायाचित्रणावर चालतो, त्याने छायाचित्रकासाठी अधिक पैसे मोजले तर ते शहाणपणाचेच ठरेल. ज्याला केवळ बोलायचे आहे, त्याला साधा बटणांचा फोनही पुरेल. एकाच मापाचा सदरा साऱ्या गावाला बसत नाही. वस्तू चांगली की वाईट, हे तिच्याकडून कोणते काम घ्यायचे, यावर ठरते. आणि काम कोणते, हे दुकानदार सांगू शकत नाही. जाहिरात तर मुळीच सांगू शकत नाही. ते ज्याचे त्याने घरी बसून ठरवावयाचे असते.

म्हणूनच पारख दुकानात सुरू होत नाही. ती घरात, आपल्या गरजांच्या यादीपासून सुरू होते. पहिले थापटणे वस्तूवर मारण्यापूर्वी स्वतःच्या इच्छेवर मारून पाहावे. ती पक्की निघाली, तरच पैशाची पिशवी सोडावी.