कालनिर्णयवरचे ठिपके

ताईला आठवीत असताना डोकेदुखी सुरू झाली. घरात त्याला ‘पित्त’ म्हणत. आई सुंठ उगाळून कपाळावर लेप लावायची, खिडकीला चादर बांधायची आणि उलटी झाली की म्हणायची, “आता बरं वाटेल.” मी तिसरीत होतो. “परीक्षा आली की ताईचं डोकं दुखतं,” हे वाक्य घरात मीच रूढ केलं. पाहुण्यांसमोर तिची नक्कल करून हशाही मिळवला.

आज मी फिलाडेल्फियात पोस्टडॉक आहे आणि मायग्रेनवर, म्हणजे आपल्या अर्धशिशीवर, काम करतो. करावं तसं भरावं, दुसरं काय!

गेल्या महिन्यात कोल्हापूरहून ताईचा फोन आला. भाची तेरा वर्षांची. अर्धं डोकं ठणकतं, उजेड सोसत नाही, शाळेतून घरी आणावं लागतं. “बाई विचारतात, चाचणीच्या दिवशीच कसं दुखतं?” एवढं बोलून ताई थांबली. मीही गप्प.

मग मला येतं ते बोललो. लहानपणी मायग्रेन मुलग्यांत आणि मुलींत साधारण सारखंच असतं. वयात येताना चित्र पालटतं. मोठेपणी ते बायकांमध्ये पुरुषांच्या दोन-तीन पट आढळतं. इस्ट्रोजेन वाढल्यानं दुखतं असं अनेकांना वाटतं, पण पाळीच्या आधी ते घसरतं आणि बोचतो तो हा उतार. १९७१-७२च्या सुमारास सॉमरव्हिल नावाच्या ऑस्ट्रेलियन डॉक्टरनं काही बायकांना पाळीआधी इस्ट्रोजेन दिलं. पाळी वेळेवर आली, डोकेदुखी मात्र लांबली. प्रोजेस्टेरॉन दिलं तेव्हा उलट झालं: पाळी लांबली, डोकं ठरल्या वेळी दुखलं. मला हा प्रयोग अजूनही सुंदर वाटतो.

“मग हिचं तारखेला का नाही दुखत?” ताईनं बरोबर पकडलं. पहिली एक-दोन वर्षं पाळीच अनियमित असते, त्यामुळे उतार कधी येईल सांगता येत नाही. त्यात अपुरी झोप, न खाल्लेला डबा आणि ताण. चाचणीच्या दिवशी हे तिन्ही एकत्र येतात. त्या दिवशी दुखणं म्हणजे नाटक नव्हे. मायग्रेन असंच वागतं.

आमच्या क्षेत्रानंही फार वेगळं केलं नाही. वेदनेचे बहुतेक प्रयोग वर्षानुवर्षं नर उंदरांवरच झाले, कारण माद्यांच्या चक्रामुळे आकडे विस्कटतील अशी भीती. अनुदान मागताना नर-मादी दोन्हींचा विचार करा, असा आग्रह अमेरिकेच्या एनआयएचनं धरला तो २०१६पासून. माझ्या नकलेला निदान वयाची सबब होती.

मी ताईला सांगितलं, न्यूरॉलॉजिस्टला दाखव आणि तोवर नोंद ठेवा: डोकं कधी दुखलं, पाळी कधी आली, झोप किती झाली. ती हसली. “आई कालनिर्णयवर दुधाच्या खाड्याशेजारी ठिपका द्यायची, तो कशाचा माहीत होता का तुला?”

नव्हता.

आता भाची त्याच भिंतीवरच्या कालनिर्णयवर दोन रंगांचे ठिपके देते आणि मला फोटो पाठवते. काल मेसेज आला, “मामा, आज फक्त निळा.” निळा म्हणजे डोकं.

ताईची माफी अजून मागितलेली नाही. परवा शब्द ओठांवर आले होते, तेवढ्यात तिकडे दूध उतू गेलं आणि ती फोन ठेवून धावली.