भिंतीला एक उन्हाळा दे

पुणे,
१६ ऑगस्ट २०२१

चि. नाना,

काल रात्री तुझा फोटो आला. ओटीची भिंत सिमेंटने गुळगुळीत, आणि खाली तुझं वाक्य : 'अक्का, पूर येऊन गेला असं वाटतच नाही ना? आता रंग पांढरा देऊ की फिका पिवळा?' घरच्या ग्रुपवर सगळ्यांनी अंगठे दाखवले. मी नाही दाखवला. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून सकाळीच कागद घेऊन बसले.

अरे, २२ जुलैच्या पुराला आज जेमतेम पंचवीस दिवस झालेत! तुझ्या खांद्याएवढं पाणी दीड फुटाच्या जांभ्यात मुरलंय. जांभा म्हणजे काय काळा दगड आहे? चिऱ्याच्या भोकाभोकांत वाशिष्ठी नदी बसली आहे. भिंतीच्या जाडीला दर इंचामागे महिनाभर वाळवण, असा ठोकताळा आहे. तुझा हिशेब तूच कर, तोही श्रावणातल्या हवेत, जिथे आपल्याकडे टॉवेल दोन दिवस वाळत नाही.

२००५चा पूर विसरलास? सुमीच्या लग्नाची घाई म्हणून अण्णांनी हेच केलं. दोन पावसाळ्यांत भिंतीला कमरेएवढा लोणा. आई रोज सकाळी ती पांढरी भुकटी केरसुणीने गोळा करायची, आणि अण्णांना एक शब्द बोलायची नाही. तिचं ते न बोलणं तुला आठवत असेलच. जुन्या चुन्यातून ओल हळूहळू बाहेर पडते. सिमेंट आणि वर तेलाचा रंग लावला की ती आत कोंडते, वाट शोधत वर चढते, येताना क्षार घेऊन येते आणि शेवटी रंगाचे पापुद्रे काढते. ठेकेदाराला तेव्हा फोन लाव, उचलतो का बघ.

आपल्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरातली पुस्तकंही याच पुरात भिजली. ओल्या पुस्तकाला कोणी नवं कव्हर घालून कपाटात ठेवतं का? पान पान सुटं करून वारा देतात. घराचंही तेच. ओला गिलावा पाण्याच्या रेघेच्या हातभर वरपर्यंत खरवडून काढ. चिरे उघडे पडू देत, दिसू देत कसे दिसतात ते. फुगलेल्या दारांना इतक्यात रंधा मारू नकोस, वाळली की निम्मी आपोआप बसतील. प्लायवूडचं कपाट मात्र गेलंच म्हणून समज, त्याच्यात जीव अडकवू नकोस. भिंतीतल्या वायरिंगच्या नळ्यांत चिखल असणार; जाणत्या माणसाने अर्थिंग तपासल्याशिवाय खालच्या मजल्याचा मेन स्विच चालू करायचा नाही. नवे बोर्ड पाण्याच्या रेघेच्या वर घे. आणि ती रेघ एका कोपऱ्यात तरी राहू दे रे. पूर कशाने आला, धरणाचं पाणी, भरती की नदीतला गाळ, हे भांडण चालेल तितकं चालू दे. पाणी कुठवर येतं ते आपल्या घराला ठाऊक असावं.

मे महिन्यात भिंतीवर हातभर प्लॅस्टिकचा कागद चारी कडांनी चिकटव. दुसऱ्या दिवशी आतून घाम दिसला नाही, तर चुन्याच्या गिलाव्याचा गवंडी बघू. तोवर नाही.

तू म्हणशील, १० सप्टेंबरला गणपती, पाहुणे काय म्हणतील? ज्याला दीड दिवसाने त्याच नदीत जायचंय, त्याला ओल्या भिंतीचं काय वावडं? पाटावर बसव, मागे आईची हिरवी पैठणी सोड. ती माळ्यावर होती म्हणून वाचली. तू आणि शैला दोघंही माळ्यावर होतात म्हणून वाचलात. त्या रात्री पहाटेपर्यंत तुझा फोन लागत नव्हता, ते मी अजून कोणाला सांगितलेलं नाही.

'पूर आला असं वाटतच नाही' असं मला पुन्हा लिहू नकोस. मला वाटतं. शैलालाही वाटत असणार, तिला विचार एकदा.

रंगाचं विचारलंस ना? पुढच्या मेमध्ये सांगते.

तुझी,
अक्का

ता. क. चिखल काढताना पायाला पत्रा लागला आणि दोन दिवस अंग मोडून येतंय, हे तू फोटोखाली चौथ्या ओळीत लिहिलंस. ते पहिल्या ओळीत लिहायचं असतं. पुरानंतर लेप्टोचा ताप कसा पसरतो ते तुला मी सांगायला हवं का? हे पत्र हाती पडेल तेव्हा पडेल, मी आत्ताच फोन करतेय. आज डॉक्टरांकडे जा.