फटफटी घेणे आहे

दिवाळीत चोपडापूजनाला आणलेल्या लाल चोपड्यांपैकी एक दरवर्षी उरते. गेल्या दिवाळीला उरलेली आमच्या यांनी दुकानातून घरी आणली. मला वाटलं दुधाचा, धोब्याचा हिशोब लिहायला आणली असेल. दुसऱ्या दिवशी उघडून पाहिलं, तर पहिल्या पानावर नेहमीप्रमाणे ‘श्री’, खाली ‘लाभ शुभ’ आणि त्याच्याखाली बीएमडब्ल्यू, ट्रायम्फ, होंडा, सुझुकी, रॉयल एनफिल्ड. प्रत्येकीसमोर वजन, सीसी, टाकी, किंमत. अठ्ठावन्न वर्षांच्या माणसाला मोटारसायकल घ्यायची होती. तीही साधी नाही, जिच्यावर बसून लडाखला जातात, जिला दोन्ही बाजूंना पत्र्याच्या पेट्या लावतात, तसली.

मुलगा हसला. “पप्पा, ॲक्टिव्हा आहे की!” सून काही बोलली नाही, पण तिने माझ्याकडे पाहिलं. मीही पहिल्यांदा हसलेच. रात्री मात्र झोप लागेना, कारण यांच्या फटफटीचा इतिहास त्या घरात मला एकटीलाच माहीत होता.

आमचं लग्न मे 1994 चं. मी अमळनेरची, प्रताप कॉलेजातून मराठी घेऊन बी.ए. झालेली, आणि हे सुरतेत कापडाच्या दुकानात. सासरी येऊन चार महिने होतात न होतात तोच सप्टेंबरात सुरतेत प्लेगची बातमी पसरली. टेट्रासायक्लिनच्या गोळ्या दुकानांतून संपल्या. स्टेशनात पाय ठेवायला जागा नव्हती, लोक मिळेल त्या वाहनाने शहर सोडत होते. सासूबाई म्हणाल्या, “आम्ही म्हातारे इथेच राहतो, तू हिला माहेरी पोचव.” यांच्याकडे येझदी होती, रोडकिंग, अडीचशे सीसीची, दोन सायलेन्सरवाली. तोंडाला ओला रुमाल बांधून, मांडीवर कपड्यांची एक पिशवी घेऊन मी मागे बसले. बारडोली, व्यारा, सोनगढ, नवापूर. कोंडाईबारीच्या घाटात पाऊस लागला. साक्रीच्या अलीकडे प्लगमध्ये कचरा अडकून गाडी बंद पडली, तर यांनी रस्त्याच्या कडेला बसून माझ्याकडची केसांची पिन घेऊन तो साफ केला. अमळनेरला पोचलो तेव्हा दिवे लागले होते, आणि आई रडत रडत आम्हाला अंगणातच अंघोळीला पाणी देत होती. चार महिन्यांच्या नवऱ्याची ओळख मला त्या दिवशी झाली, असं मी अजून म्हणते.

ती येझदी आमच्याकडे 2006 च्या ऑगस्टपर्यंत होती. उकाई धरणाचं पाणी सोडलं आणि तापी शहरात शिरली, तेव्हा दुकानातल्या खालच्या फळ्यांवरच्या साड्या गेल्या आणि पार्किंगमधली येझदीही गेली. चार दिवसांनी गाळातून बाहेर काढली. मेकॅनिकने खर्च सांगितला. त्या महिन्यात आमच्याकडे दुकानाच्या फळ्या बदलायलाही पैसे नव्हते. भंगारवाला हातगाडीवर घालून घेऊन गेला, तेव्हा हे वरच्या गॅलरीत उभे होते. खाली आले नाहीत.

तर वीस वर्षांनंतर ती चोपडी उघडली होती. मी ठरवलं, आपण हसायचं नाही. मी त्यांच्या बाजूला बसून वाचायला लागले.

बायकांना यातलं काही कळत नाही असं तुम्हालाही वाटत असेल, मलाही वाटायचं. पण कुकर घेताना आपण जे बघतो, तेच इथेही बघायचं असतं: किती माणसांचा, किती जड, तळ कसा, आणि शिट्टी बिघडली तर मिळते का.

यांच्या मनात पहिल्या नंबरावर होती बीएमडब्ल्यूची जीएस. या घराण्यातली पहिली, आर 80 जी/एस, 1980 साली आली. ‘जी’ म्हणजे जर्मनमध्ये रानावनाची जमीन आणि ‘एस’ म्हणजे रस्ता. दोन्हीकडे चालणारी मोठी फटफटी ही कल्पनाच तिने रुजवली. आताची आर 1300 जीएस, 145 हॉर्सपॉवरची आणि 237 किलोची. हिला चेनच नाही, बंद दांड्यातून ताकद मागच्या चाकाला जाते, म्हणजे रोज तेल घालणं, चेन आवळणं हा उद्योग नाही. हे मला फार आवडलं. ज्या यंत्राला पुसायला-तेलायला लागत नाही त्याच्यावर बाईचा जीव जडतोच. पण किंमत वीस लाखांच्या वर, आणि त्यात रस्त्याचा कर, विमा, पेट्या वेगळ्या. शिवाय सप्टेंबर 2025 मध्ये जीएसटी बदलला, तेव्हा 350 सीसीपर्यंतच्या गाड्या 18 टक्क्यांवर आल्या आणि वरच्या सगळ्या 40 टक्क्यांवर गेल्या. चोपडीतली एकही गाडी 350 च्या आत नव्हती. आम्ही व्यापारी लोक, आम्हाला ते जास्त लागलं.

दुसरी ट्रायम्फची टायगर 900. तिच्यात दोन जाती. एक रॅली, पुढचं चाक 21 इंची, तारांचं, उंच, दगडगोट्यांतून जायला. दुसरी जीटी, पुढचं चाक 19 इंची, थोडी बुटकी, डांबरी रस्त्यावर जास्त सुखाची. मोठं चाक खड्ड्यातून सहज निघतं, लहान चाक वळणावर चटकन वळतं, एवढंच त्यातलं गणित. तिसरी सुझुकीची व्ही-स्ट्रॉम 800 डीई, 230 किलोची. चौथी होंडाची आफ्रिका ट्विन, जी गिअरचा पाय न हलवता आपोआप गिअर बदलणारीही मिळते. आणि अगदी शेवटी, जागा उरली म्हणून लिहिल्यासारखी, रॉयल एनफिल्डची हिमालयन 450. वजन 196 किलो, ताकद 40, किंमत तीन लाखांच्या पुढे. हिच्यासमोर यांनी काही शेराच मारला नव्हता.

मग रविवारी रविवारी आम्ही गाड्या बघायला जायला लागलो. दालनातली मुलं यांना सीसी सांगायची, टॉर्क सांगायची, आणि मला पाणी द्यायची. मागे कोण बसणार हे एकानेही विचारलं नाही. शेवटी एके ठिकाणी मीच म्हटलं, “मला बसून बघायचंय.” पेट्या लावलेल्या मोठ्या गाडीवर मागे चढणं म्हणजे काय, ते करून बघितल्याशिवाय कळत नाही. पाय फिरवून टाकावा तर पेटी आड येते. पायदानावर उभं राहून चढावं तर पुढच्याने दोन्ही पाय घट्ट रोवून गाडी धरलेली पाहिजे. आणि यांचे पाय तर पोचत नव्हते! यांची उंची पाच फूट पाच इंच. जीएसची सीट 850 मिलिमीटर, सुझुकीची 855. दोन्ही पायांचे फक्त चवडे टेकत होते. टायगर जीटीची सीट 820 वर बसवता येते, तिथे जरा बरं होतं. मागच्या सीटच्या बाबतीत सांगायचं, तर टायगरची मला सोफ्यासारखी वाटली. मी ते बोलून दाखवलं आणि यांचा चेहरा उजळला.

कपड्यांचा प्रश्न वेगळाच. आमच्या घरात चामडं येत नाही. जाकीट सोपं निघालं, जाळीचं आणि जाड नायलॉनचं मिळतं, कोपराला-खांद्याला आत कठीण पट्ट्या. यांनी कापड दोन बोटांत धरलं, चोळलं आणि विकणाऱ्या मुलाला डेनियर सांगितलं. त्याने लेबल वाचलं, बरोबर होतं. पण हातमोजे! ज्याला हात लावावा त्याचा तळवा बकऱ्याच्या कातड्याचा. पूर्ण कृत्रिम धाग्याचा जोड शोधायला आम्हाला महिना लागला. आणि सूर्यास्तानंतर जेवायचं नाही हा यांचा नियम, त्याची मला चिंता होती. तर अनुभवी लोकांचंही म्हणणं हेच, की अनोळखी डोंगरात अंधार पडायच्या आत मुक्काम गाठावा. निदान तिथे तरी आमचा नियम आणि फटफटीवाल्यांचा नियम एक निघाला.

जानेवारीत मात्र चोपडी बंद पडली. यांच्या सकाळच्या फिरण्याच्या ग्रुपमधल्या एकाच्या मुलाकडे जीएस होती, आधीची, 1250 ची, 249 किलोची. तो म्हणाला, “अंकल, डुमसपर्यंत चालवून बघा.” हे गेले. दीड तासाने आले ते पँटला वाळू लागलेली, आणि जिना चढताना कठडा धरून. मी विचारलं, तर म्हणाले, “काही नाही.” रात्री सांगितलं. चालवताना गाडी लोण्यासारखी चालली. परत फिरायला वळवली, कडेला वाळू होती, पाय टेकायला गेले तर पाय पोचला तिथे जमीन नव्हती. एकदा का ती तोलाबाहेर गेली, की माणूस तिला धरू शकत नाही. त्या इंजिनाचे सिलिंडर दोन्ही बाजूंना बाहेर आलेले असतात, त्यामुळे गाडी पूर्ण आडवी झाली नाही आणि पाय वाचला. टमाट्याच्या भज्यांच्या गाडीवरची तीन पोरं धावत आली आणि त्यांनी उचलली. एका पोराने यांना ‘दादा’ म्हटलं. गुजरातीत दादा म्हणजे आजोबा. गुडघ्यापेक्षा ते जास्त लागलं होतं.

“जाऊ दे,” हे म्हणाले. “वय झालं.”

खरं सांगते, मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. उलट रागच आला. मी म्हटलं, “भज्यांची गाडी होती म्हणून ठीक. उमलिंग लाला कोण आहे?” तो रस्ता 19,024 फुटांवर आहे. तिथे हवेचा दाब सुरतेच्या निम्म्याहूनही कमी, इंजिनालाही दम लागतो आणि माणसालाही. तिथे गाडी पडली तर आम्ही दोघंच. मग 145 हॉर्सपॉवर घेऊन काय करायचं?

मला तेव्हा आपल्याच गावातल्या ‘बाइकिंग क्वीन्स’ची आठवण झाली. डॉ. सारिका मेहता आणि त्यांच्या दोघी मैत्रिणी 2019 मध्ये वाराणसीहून निघून लंडनला मोटारसायकलीवर पोचल्या, वाटेत वीसच्या वर देश. पेपरात फोटो आले तेव्हा मी कापून ठेवले होते, पण त्यांच्या गाड्या कोणत्या हे तेव्हा पाहिलंच नव्हतं. आता नातवाकडून शोधून घेतलं. केटीएमच्या 390 ड्यूक! 373 सीसीचं इंजिन. ज्या गाडीवर कॉलेजची पोरं पिपलोदला आइस्क्रीम खायला जातात, त्या गाडीवर तीन बायका लंडनला गेल्या. आम्ही तीन महिने कोणासाठी हजार सीसी मोजत होतो?

यावर यांचं उत्तर होतं, आणि ते चुकीचं नव्हतं. “त्या एकेकट्या बसल्या होत्या. आपण दोघं, वर सामान. आणि दिवसभर ट्रकांच्या मधून जायचं तर ताकद लागते.” मोठी गाडी महामार्गावर थकवत नाही, वाऱ्याचा मार कमी लागतो, मागे बसणारीचं अंग दुखत नाही. हे सगळं खरं आहे. परिग्रहाचं माप म्हणून मी काही बोलायला गेले असते तर यांनी माझ्या साड्यांचं कपाट उघडून दाखवलं असतं. म्हणून मी ते बोलले नाही. एवढंच म्हटलं, “जी आपल्याला दोघांना मिळून उचलता येईल, ती घ्यायची. चोपडीत तो एक रकाना राहिलाय.”

भाच्याकडे हिमालयन 450 आहे. त्याला फेब्रुवारीतल्या एका दुपारी बोलावलं. पार्किंगमध्ये मी दोन जुन्या गोधड्या अंथरल्या, एक आईच्या हातची, तिला मनातल्या मनात क्षमा मागितली. भाच्याने गाडी हलकेच उजव्या अंगावर निजवली आणि पद्धत दाखवली. गाडीकडे तोंड करून वाकायचं नाही, कंबर जाते. तिच्याकडे पाठ करून सीटला टेकून बसायचं, हँडल पूर्ण वळवून एका हाताने धरायचं, दुसऱ्या हाताने मागची सळई, आणि पाठ ताठ ठेवून पायांनी रेटत मागे मागे चालायचं. वॉचमन खुर्ची घेऊन आला. दुसऱ्या मजल्यावरच्या कोकिळाबेन गॅलरीत आल्या.

पहिल्यांदा गाडी वीतभर उठली आणि परत बसली. दुसऱ्यांदा माझा पाय गोधडीवरून घसरला. हे म्हणाले, “अगं, तू राहू दे.” मी म्हटलं, “साक्रीला पिन कोणाची होती?” तिसऱ्यांदा मी हँडलकडे, हे मागे. मांड्या थरथरायला लागल्या, आणि मग एकाएकी ती हलकी झाली, उभी राहिली आणि तशीच डावीकडे कलायला लागली. “मामी, स्टँड!” भाचा ओरडला. उजव्या अंगावर पडलेली गाडी उचलण्याआधी बाजूचं स्टँड उघडून ठेवायचं असतं, हे सांगायचं तो विसरला होता. त्यानेच धावत येऊन धरली. कोकिळाबेन वरून टाळ्या वाजवत होत्या.

आम्ही दोघं तिथेच गोधडीवर बसून पाणी प्यायलो. यांचा श्वास जरा ताळ्यावर आल्यावर हे म्हणाले, “पुन्हा पाड रे. या वेळी स्टँड उघडून.”

रात्री चोपडीत नवा रकाना आला. जीएससमोर ‘नाही’. हिमालयनसमोर ‘होय, दोघांना’. टायगरसमोर यांनी बराच वेळ पेन धरून ठेवलं आणि लिहिलं, ‘पाडून बघू देतील का, विचारणे’. माझ्या त्या सोफ्यासाठी अजून जागा ठेवली होती.

गोधडीला तेलाचा डाग पडलाय. धुतली, गेला नाही.