खावड्याचा माठ आणि मोहल्ल्याचे प्रश्न

मुंबईहून कच्छ एक्स्प्रेसने भुजला उतरणारे बहुतेक प्रवासी पांढरे रण पाहायला आलेले असतात. चांदण्यात चमकणाऱ्या मिठाच्या मैदानाची छायाचित्रे आता घरोघरी मोबाइलवर पोहोचली आहेत. आम्हीही ते मैदान पाहिले, सुबहानल्लाह म्हणालो आणि पुढे निघालो. आम्हाला जायचे होते खावड्याला. तिथे पिढ्यान्‌पिढ्या मातीची भांडी घडवणारे मुसलमान कुंभार राहतात आणि त्यांची चाके अजून फिरताहेत, असे ऐकले होते.

आम्ही मातीच्या भांड्यांच्या गावाला चाललो आहोत हे मोहल्ल्यात कळले तेव्हा शेजारच्या भाभींनी आणि खालांनी प्रश्नांची यादीच दिली. माठातले पाणी पहिल्यासारखे थंड का होत नाही? हंडी गॅसवर ठेवली आणि तडकली, माती खराब होती का? माठावर पांढरे डाग कसले येतात? बारीक चीर गेलेला माठ दुरुस्त होतो का? अम्मीचा एक स्वतंत्र प्रश्न होता. तिच्या लहानपणी फिरनी मातीच्या सकोऱ्यात लावत, तशी चव स्टीलच्या वाटीत का येत नाही?

भुजहून उत्तरेला खावडा सुमारे 70 किलोमीटर. वाटेत रस्ता कर्कवृत्त ओलांडतो, तिथे पाटी लावलेली आहे आणि लोक गाड्या थांबवून फोटो काढतात. पुढे बन्नीचे गवताळ मैदान लागते. म्हशी राखणारे मालधारी लोक, बहुतेक सारे मुसलमान, गोल भिंतींचे आणि शंकूसारख्या छपराचे भुंगे, आणि जिकडेतिकडे माजलेली वेडी बाभूळ. भिरंडियारा गावात म्हशीच्या दुधाचा मावा खाऊन घ्यावा. आम्ही परततानाही खाल्ला. खावड्याचे नाव अलीकडे प्रचंड मोठ्या सौरऊर्जा प्रकल्पामुळे वर्तमानपत्रात येते. कुंभारांमुळे ते क्वचितच छापून येते.

कुंभारवाडा शोधायला वेळ लागला नाही, कारण असा वाडा उरलेलाच नाही. चाकावर बसणारी घरे आता बोटांवर मोजण्याइतकीच. आम्ही ज्या अंगणात गेलो तिथे सलाम-दुआ झाली, चहा आला आणि चाचांनी आमची यादी ऐकून घेतली. ते हसले आणि म्हणाले, "आधी माठ बनताना पाहा. निम्म्या प्रश्नांची उत्तरे त्यातच आहेत."

त्यांचे म्हणणे खरे निघाले. माती खावड्याजवळच्या तळ्याच्या बाजूची. तिला इथे 'रण की मिट्टी' म्हणतात. ती वाळवून, फोडून, चाळून, भिजवून मळतात. मळण्यात हयगय झाली आणि आत हवेचा एखादा बुडबुडा राहिला तर पुढे तोच दगा देतो. चाक आता विजेवर फिरते. माठ मात्र पूर्ण आकारात चाकावरून उतरत नाही. चाकावर गळा आणि जाड भिंतींचे अंग होते. जरा सुकले की चाचा आतून दगडी गोळा धरतात आणि बाहेरून लाकडी थापटण्याने हलके ठोके देत भिंत पातळ करत नेतात. तासाभरात तोच माठ जवळजवळ दीडपट फुगलेला दिसतो. भिंत कुठे जाड, कुठे पातळ राहिली तर सुकताना एक भाग आधी आकसतो, दुसरा नंतर, आणि तिथेच चीर पडते. म्हणून वाळवायचे ते सावलीत, घाई न करता. पावसाळ्यात हे काम जवळपास बंदच असते.

पुढचा सारा कारभार चाचींच्या हातात. खावड्यात भांडे घडवतात पुरुष आणि रंगवतात बायका. आधी गेरूचा लाल हात, मग त्यावर काळ्या-पांढऱ्या रेघा, ठिपके, नागमोडी पट्टे. काळा आणि पांढरा हे रंगही माती-दगडाचेच. कुंचला म्हणजे टोकाला ठेचलेली बांबूची काडी. एका हाताने माठ फिरवत चाचींनी त्याच्या पोटाभोवती रेघ ओढली आणि ती जिथून निघाली होती तिथेच येऊन मिळाली. मोजपट्टी नाही, आखणी नाही. ही भांडी 'खावड्याची' म्हणून ओळखली जातात ती या रेघांवरून, पण बाजारात कारागीर म्हणून नाव विचारले जाते ते पुरुषाचे. हे आम्ही बोलून दाखवले तेव्हा चाची काही बोलल्या नाहीत, पुढचा माठ ओढून घेतला.

रंगवलेली भांडी भट्टीत जातात. इंधन सुकी लाकडे, काटक्या आणि शेणी. सुरुवातीला जाळ अगदी मंद, कारण मातीत थोडाही ओलावा उरला असेल तर त्याची वाफ होऊन भांडे फुटते. मग हळूहळू जाळ वाढवतात. साधारण 500 ते 600 अंश सेल्सिअसच्या दरम्यान मातीच्या कणांत बांधलेले पाणीही निघून जाते आणि तिथून माती परत चिखल होऊ शकत नाही. कच्चा माठ पाण्यात ठेवला तर विरघळतो. भाजलेला हजारो वर्षे टिकतो. याचा पुरावा खावड्याहून फार लांब नाही. रण चिरत गेलेल्या नव्या रस्त्याने धोळावीरा गाठता येते. सिंधू संस्कृतीचे हे शहर 2021 मध्ये जागतिक वारसा यादीत गेले. तिथल्या संग्रहालयात साडेचार हजार वर्षांच्या आसपासची भांडी आणि खापरे ठेवली आहेत. त्यांचा आकार पाहून अम्मी म्हणाली, "आपला माठ यापेक्षा वेगळा कुठे आहे?"

भट्टीतून काढलेले प्रत्येक भांडे चाचा बोटाने वाजवून पाहतात. खणखणीत आवाज आला तर ठीक. भद्द आला तर कुठेतरी चीर आहे किंवा भाजणी कच्ची राहिली आहे. कुरआन शरीफमध्ये सूरह रहमानमध्ये माणसाच्या निर्मितीविषयी 'सलसाल' हा शब्द आला आहे. वाजणारी सुकी माती असा त्याचा अर्थ सांगतात, आणि उपमाही भाजलेल्या मातीच्या भांड्याचीच आहे. तिलावतीत कितीदा कानावरून गेलेला हा शब्द या अंगणात आम्ही प्रत्यक्ष ऐकला. विकत घेताना तुम्हीही हेच करा. माठ तळहातावर किंवा चुंबळीवर ठेवा आणि टिचकी मारा. जमिनीवर ठेवून वाजवला तर खरा आवाज कळत नाही.

आता यादी. माठ थंड का होत नाही? माठाच्या भिंतीत डोळ्यांना न दिसणारी छिद्रे असतात. त्यांतून पाणी पाझरते, बाहेर हवेत उडते आणि उडताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जाते. म्हणजे माठ बाहेरून ओला राहणे हा त्याचा दोष नाही, तेच त्याचे काम आहे. कच्छची हवा कोरडी, तिथे हे काम झपाट्याने होते. मुंबईत किंवा कोकणात हवेतच दमटपणा, त्यामुळे पाणी उडत नाही आणि तोच माठ कमी गार करतो. पावसाळ्यात तर करतच नाही. आमच्याकडे किती माठ या कारणाने 'खराब निघाला' म्हणून अंगणाच्या कोपऱ्यात गेले असतील! माठ वारा खेळेल अशा जागी, सावलीत, तिवईवर ठेवा. कपाटाच्या कोनाड्यात ठेवलेला माठ गार करणार नाही.

दुसरे कारण म्हणजे बोअरवेलचे जड पाणी. त्यातले क्षार भिंतीतून बाहेर येतात, पाणी उडून जाते आणि क्षार मागे राहतात. तेच ते पांढरे डाग. हळूहळू ते छिद्रे बुजवतात आणि माठ 'मरतो'. दर आठवड्याला माठ रिकामा करावा, नारळाच्या काथ्याने आतून-बाहेरून नुसत्या पाण्याने घासावा आणि पूर्ण सुकू द्यावा. डाग फार झाले तर पाण्यात थोडा व्हिनेगर घालून त्याने पुसावे, मग भरपूर पाण्याने धुवावे. साबण किंवा भांड्यांची पावडर कधीच नको. छिद्रांत शिरलेला साबण बाहेर निघत नाही, पाण्यात उतरत राहतो. नवा माठ एक दिवस पाण्याने भरून ठेवावा आणि पहिली दोन-तीन पाणी झाडांना घालावीत. मातीचा वास मग बेताचा राहतो.

बाजारात ऑइलपेंटने रंगवलेले चकचकीत माठही मिळतात. ते पाण्यासाठी घेऊ नयेत. रंगाने छिद्रे बंद झाली की गारवा संपला, शिवाय तो रंग खाण्यापिण्यासाठी केलेला नसतो. ओल्या फडक्याने चोळून पाहा. खावड्याचे रंग मातीबरोबर भट्टीत भाजलेले असतात, ते हाताला लागत नाहीत.

हंडीबद्दल चाचांनी उलट आम्हालाच विचारले, "चुलीवर ठेवली होती की गॅसवर?" गॅसची ज्योत तळाच्या एकाच जागी लागते. तिथली माती तापून फुगते, बाजूची थंडच राहते आणि हंडी तडकते. खानदेशात खापरावर मांडे करणाऱ्या बायका हे जाणतात, खापर आधी सावकाश तापवल्याशिवाय त्या त्यावर काही टाकत नाहीत. नवी हंडी आधी रात्रभर पाण्यात ठेवावी, मग तांदळाची पेज घालून अगदी मंद आचेवर शिजू द्यावी. पिठूळ पाणी छिद्रांत बसून हंडी घट्ट होते. गॅस असेल तर खाली लोखंडी जाळी ठेवा, आच हळूहळू वाढवा, तापलेल्या हंडीत गार पाणी ओतू नका आणि उतरवून ओल्या ओट्यावर ठेवू नका. लाकडी डाव वापरा. एवढे सांभाळले तर बिर्याणीची हंडी वर्षानुवर्षे चालते.

अम्मीच्या फिरनीचे उत्तर चाचींनी दिले. कोरा सकोरा फिरनीतले थोडे पाणी शोषून घेतो, म्हणून ती घट्ट होते आणि बाहेरून पाझरल्याने गारही राहते. दही मातीच्या भांड्यात घट्ट लागते तेही याचमुळे. स्टीलला हे जमणार कसे?

राहिली दुरुस्ती. इथे चाचांनी सरळ सांगितले की फुटलेले भांडे ओल्या मातीने सांधता येत नाही, पुन्हा भट्टीत घातले तरी नाही. भाजलेली माती आकसायची तेवढी आकसून बसलेली असते. सांध्यात भरलेली ओली माती सुकताना आणि भाजताना नव्याने आकसते आणि सुटून येते. केसाएवढी चीर असेल तर गोष्ट वेगळी. स्वयंपाकाच्या भांड्यात दूध मंद आचेवर उकळून तसेच निवू द्यावे, बारीक चीर पुष्कळदा बुजते. पाण्याच्या माठाला, तो पूर्ण सुकल्यावर, बाहेरून सिमेंटचा पातळ हात देतात. मग काही दिवस भरलेले पाणी फेकून द्यावे लागते, आणि तेवढ्या भागातून गारवा मिळत नाही. रासायनिक चिकटे आणि लांबी आतल्या बाजूने कधीही लावू नयेत, आणि आचेवर ठेवायच्या भांड्याला तर कुठूनच नाही.

फार गळणारा माठ फेकू नये. वाफ्यात गळ्यापर्यंत पुरून, पाणी भरून, वर परळ झाकले की भोवतीच्या झाडांना मुळाशी सावकाश पाणी मिळत राहते. महाराष्ट्रातले शेतकरी याला मटका सिंचन म्हणतात. गळा फुटलेल्या माठाचे तळ उन्हाळ्यात पाखरांच्या पाण्याला होतात. आणि निव्वळ खापरे उरली तर कुंभार ती कुटून, चाळून नव्या मातीत मिसळतात. त्याने नव्या भांड्याला चिरा कमी पडतात.

चाचांचा एक मुलगा गाडी चालवतो. चाकावर तो बसतो, पण सणासुदीला, वडिलांच्या मदतीपुरता. आम्ही त्याला कारण विचारले. वाटले होते फ्रीज आणि प्लास्टिकला दोष देईल. तो म्हणाला, "शहरातले लोक एकदा हौसेने नेतात. मग फोन येतो, पाझरतोय, तडकला, वास येतो. दुसऱ्यांदा कुणी मागत नाही. आता प्रत्येक माठाबरोबर मी तरी किती बोलणार?" यावर आम्ही त्याच्याकडून एक काम करवून घेतले. चाचा-चाची सांगत गेले, तो हिंदीत बोलत गेला आणि आम्ही वर दिलेली उत्तरे एका कागदावर साध्या शब्दांत उतरवली. भुजमध्ये त्याच्या प्रती काढून त्याला दिल्या. माठ विकताना तो आता कागद गळ्यात बांधून देईल, असे म्हणाला.

ज्यांना जायचे असेल त्यांनी नोव्हेंबर ते फेब्रुवारीदरम्यान जावे आणि ओळखपत्र जवळ ठेवावे, सीमेकडचा भाग असल्याने ते लागते. मोठा माठ हवा असेल तर आधी सांगून ठेवावा लागतो, घडवण्यापासून भाजण्यापर्यंत बरेच दिवस जातात. रेल्वेने आणायचा तर आत आणि बाहेर सुके गवत भरून गोणपाटात बांधून घ्यावा आणि बर्थखाली आडवा न ठेवता उभाच ठेवावा. आमचे दोन माठ, एक हंडी आणि बारा सकोरे असेच आले. त्यातला एक सकोरा वाटेत फुटला.