एका चेंडूचे साठ हजार

बोरिवली, डिसेंबर २०२५

प्रिय शार्दूल ठाकूर,


मुंबईच्या मैदानांवर खेळाडूला अहो-जाहो करायची रीत नाही, म्हणून पत्रातही ‘तू’च म्हणतो. त्यातून तू बोरिवलीच्या शाळेतला. आम्ही बोरिवलीकर एकदा शाळा जुळली की माणूस आपलाच धरतो; मग त्याचं घर पालघरला का असेना.

१३ नोव्हेंबरला लखनौ सुपर जायंट्सने तुला मुंबई इंडियन्सकडे दिलं. किंमत दोन कोटी. दोनच दिवसांनी अर्जुन तेंडुलकर तीस लाखांना उलट दिशेने लखनौला गेला. कागदावर हे दोन वेगळे व्यवहार. विरार लोकलमध्ये मात्र त्यांची अदलाबदलच झाली. बातमीत नवेपणा तसा उरला नव्हताच. रविचंद्रन अश्विनने आपल्या यूट्यूब वाहिनीवर बोलताबोलता अधिकृत घोषणेच्या आधीच तुझं नाव घेऊन टाकलं होतं. मग काय, ‘घरचा पोरगा घरी आला’ म्हणणारे खिडकीशी आणि ‘चौतिसाव्या वर्षी कशाला आणला’ म्हणणारे दाराशी, अशी गाडीची वाटणी झाली. ज्याच्याबद्दल हे सगळं चाललं होतं त्याचं काय म्हणणं आहे, हे मात्र कुणालाच माहीत नव्हतं, आणि माहीत करून घ्यायची घाईही नव्हती. ट्रेडच्या अफवांचं हे मला नेहमी विचित्र वाटतं.

आकड्यांपासून सुरुवात करतो. आयपीएलच्या साखळीत एका संघाचे चौदा सामने. प्रत्येक सामन्यात गोलंदाजाची जास्तीत जास्त चार षटकं. म्हणजे तू एकही सामना न चुकवता पूर्ण षटकं टाकलीस, तर ३३६ चेंडू. दोन कोटींना ३३६ ने भागलं की एका चेंडूचे साधारण साठ हजार होतात. आता दुसरीकडे पाहा. चाळीसहून जास्त रणजी सामने खेळलेल्या खेळाडूला क्रिकेट मंडळ दिवसाला साठ हजार मानधन देतं. २०२१ साली ठरलेला हा दर. म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलातल्या (बीकेसीच्या) मैदानावर तू सकाळी साडेनऊपासून ऊन कलेपर्यंत जे करतोस, त्याची आणि वानखेडेवरच्या तुझ्या एका चेंडूची किंमत एकच. तो चेंडू वाइड गेला तरी!

आणि हा तुझा पडता भाव. २०२२ च्या लिलावात दिल्लीने तुला १० कोटी ७५ लाखांना घेतलं होतं, तेव्हाचा चेंडू तीन लाख वीस हजारांना पडतो. मिचेल स्टार्कला कोलकात्याने डिसेंबर २०२३ मध्ये २४ कोटी ७५ लाख दिले. तिथे हिशेब सात लाख छत्तीस हजारांवर जातो. स्टार्कला सुरुवातीच्या सामन्यांत बेदम मार पडला तेव्हा आमच्या गाडीत त्याच्या प्रत्येक चेंडूचा भाव मोठ्याने पुकारला जायचा. मग त्याने क्वालिफायरमध्ये आणि अंतिम सामन्यात समोरच्या संघाची वरची फळी कापून काढली आणि सगळे गप्प झाले. पुढच्याच लिलावात तो ११ कोटी ७५ लाखांना दिल्लीला गेला. सहा महिन्यांत निम्म्याहून कमी.

तुझ्या पालघरजवळच्या सातपाटीला पापलेटचा लिलाव होतो. मासा तोच असतो. त्या दिवशी किती होड्या लागल्या यावर भाव ठरतो. आयपीएलच्या लिलावाचं मला एवढंच कळलंय. २०१४ ला पंजाबने तुला वीस लाखांना घेतलं. २०१७ ला तू पुण्याच्या संघाकडे वळवला गेलास. २०१८ ला चेन्नईने २ कोटी ६० लाख मोजले. मग दिल्लीचे पावणेअकरा कोटी, तिथून ट्रेडने कोलकाता, पुन्हा चेन्नई चार कोटींना. नोव्हेंबर २०२४ ला जेद्दाहमध्ये तुझं नाव पुकारलं गेलं तेव्हा दहांपैकी एकाही टेबलावरून पाटी वर गेली नाही. तू काउंटीसाठी एसेक्सशी करार केलास. तेवढ्यात लखनौचा मोहसीन खान जायबंदी झाला, त्याच्या जागी मूळ किमतीला, दोन कोटींना, तुझी वर्णी लागली. आणि हैदराबादेत चार बळी घेऊन तू सर्वाधिक बळींची टोपीही मिरवलीस. ज्याला चार महिन्यांपूर्वी कुणी फुकट घ्यायला तयार नव्हतं, तो!

अर्थात बाजार अगदीच बिनडोक नाही, हेही लिहायला हवं. आयपीएलमध्ये तू षटकामागे नवाहून जास्त धावा देतोस. तुझा एक चेंडू फलंदाजाला फसवतो आणि पुढचा प्रेक्षकांत जातो. वीस षटकांच्या खेळात असा माणूस कर्णधाराचं रक्त आटवतो. नुसत्या या खात्यावर कुणी दोन कोटींहून जास्त मोजले नाहीत, तर मी भांडणार नाही. भांडण वेगळं आहे. तुझं जे मोल आहे ते चार षटकांच्या मापात मावतच नाही, आणि तुझ्याबद्दलची सगळी चर्चा मात्र त्याच मापाने होते.

मार्च २०२४ ची रणजी उपांत्य फेरी घे. समोर तमिळनाडू, मुंबई ७ बाद १०६. तू आलास आणि प्रथम श्रेणीतलं पहिलं शतक ठोकलंस, १०९. तनुष कोटियन दुसऱ्या टोकाला ठाण मांडून होता. सामना डावाने जिंकला. मग वानखेडेवर विदर्भाविरुद्धच्या अंतिम सामन्यात पहिल्या डावात ७५, आणि मुंबईचं ४२ वं रणजी विजेतेपद. किंवा त्यापुढची जानेवारी: जेद्दाहच्या त्या पुकाऱ्याला जेमतेम दोन महिने झालेले. जम्मू-काश्मीरविरुद्ध मुंबईच्या संघात रोहित, यशस्वी, रहाणे, श्रेयस. पहिल्या डावात ७ बाद ४७. तू ५१ केल्यास. दुसऱ्या डावात ७ बाद १०१; तू ११९ केल्यास. सामना हरलो, पण हरताना बाकीच्यांनी जे झाकलं ते तू उघडं पाडलंस. पुढच्याच सामन्यात मेघालयाविरुद्ध हॅट्ट्रिक. हे सगळं दिवसाला साठ हजारांत. कसोटीतले ब्रिस्बेनचे ६७, ओव्हलची दोन्ही डावांतली अर्धशतकं, जोहान्सबर्गचे ६१ धावांत सात बळी यांवर लोक भरपूर लिहून चुकलेत. मला बीकेसी जास्त महत्त्वाचं वाटतं, कारण तिथे तुला कुणी बोली लावणारं पाहत नव्हतं.

तुझा हा स्वभाव पालघर-बोरिवलीच्या प्रवासातलाच असावा. तू शाळेत होतास तेव्हा लोकल विरारला संपायच्या. डहाणूपर्यंत त्या गेल्या २०१३ ला. पालघरहून शटल किंवा पॅसेंजर पकडायची, किटबॅग सांभाळत बोरिवली गाठायची, पन्नासहून अधिक किलोमीटर. दिनेश लाड सरांनी तुला हेरून स्वामी विवेकानंद शाळेत आणलं, ही दगदग वाचावी म्हणून काही काळ आपल्या घरीच ठेवून घेतलं. त्याच शाळेकडून खेळताना तू एका षटकात सहा षटकार मारलेस. त्या शाळेचा आधीचा विद्यार्थी रोहित, आणि आता तू, लाड सरांचे दोघेही पुढच्या मोसमात मुंबई इंडियन्सच्या एकाच खोलीत बसणार. २०१८ ला दक्षिण आफ्रिकेहून परतल्यावर विमानतळावरून सरळ अंधेरी गाठून तू पालघरची गाडी पकडलीस, आणि डब्यातल्या पोरांनी गूगलवर तुझा फोटो काढून ‘हाच का’ याची खातरजमा केली. त्या पोरांचा मला हेवा वाटतो.

आता मुद्द्यावर येतो, म्हणजे या सगळ्यात खेळाडूच्या हाती काय उरतं यावर. तिकडे अमेरिकेत बेसबॉलमध्ये हिवाळा लागला की कुठला पिचर, म्हणजे तिकडचा गोलंदाज, कुठे जाणार या अफवांवर वर्तमानपत्रं जगतात. योशिनोबू यामामोतो या जपानी पिचरला लॉस एंजलिसच्या डॉजर्सनी डिसेंबर २०२३ मध्ये बारा वर्षांसाठी ३२ कोटी ५० लाख डॉलर दिले, म्हणजे सुमारे २,७०० कोटी रुपये. तोवर त्याने त्या लीगमध्ये एक चेंडूही फेकला नव्हता. लोक हसले. यंदाच्या जागतिक मालिकेत त्यानेच डॉजर्सना तीन सामने जिंकून दिले. पण मला हेवा त्या रकमेचा नाही. ती हमीची असते, त्याचा आहे. दुखापत झाली तरी ती बुडत नाही.

ही हमी मालकांनी आपणहून दिलेली नाही. १९६९ साली सेंट लुईसच्या संघाने कर्ट फ्लड या खेळाडूला न विचारता फिलाडेल्फियाला देऊन टाकलं. बारा मोसम खेळलेला माणूस. तो म्हणाला, जाणार नाही. खटला सर्वोच्च न्यायालयात गेला, १९७२ ला पाच विरुद्ध तीन असा निकाल त्याच्या विरोधात लागला, कारकीर्द संपली. पण मागे खेळाडूंची संघटना उभी होती. तीन वर्षांनी मेसरस्मिथ आणि मॅकनॅली या दोन पिचरांच्या प्रकरणात लवादाने खेळाडूंच्या बाजूने कौल दिला आणि बाजार खुला झाला.

आपल्याकडे? ट्रेडला खेळाडूची संमती लागते, असं नियम म्हणतो. पण सोडायचं की नाही हे शेवटी संघ ठरवतो. २०१० मध्ये रवींद्र जडेजाने दुसऱ्या संघाशी परस्पर बोलणी केली म्हणून त्याला पूर्ण मोसम बाहेर बसवलं होतं. तो संघ होता मुंबई इंडियन्स. तोच जडेजा यंदा अठरावरून चौदा कोटींवर उतरून चेन्नईहून राजस्थानला गेला, तर त्याला सगळे ‘शिस्तीत झालेला सौदा’ म्हणाले. संघाने बोलणी केली की व्यवहार, खेळाडूने केली की गुन्हा. आणि तक्रार न्यायची कुठे? भारतीय क्रिकेटपटूंची २०१९ ला स्थापन झालेली संघटना निवृत्तांची आहे. खेळणाऱ्याच्या मागे त्याचा एजंट, तेवढाच.

तुला हे लिहायचं कारण, तू बोलतोस. २०२४ च्या त्या शतकानंतर, रणजी सामन्यांच्या मध्ये तीनच दिवसांची विश्रांती मिळते, असंच चाललं तर पोरं जायबंदी होतील, असं तू पत्रकारांसमोर उघड सांगितलंस. पुढच्या मोसमात स्पर्धा दोन टप्प्यांत झाली. तुझ्यामुळेच झाली असं मी म्हणत नाही, पण गप्प बसलेल्या पन्नासांपेक्षा तुझं बोलणं कामी आलं असणार. आता तू मुंबईचा कर्णधार आहेस. तुझ्या हाताखाली वीस-बावीस वर्षांची पोरं आहेत, तीस लाखांच्या मूळ किमतीला नाव नोंदवणारी. ट्रेडची बोलणी चालू असताना आपलं नाव कुणी कुणाला सुचवलंय, हे त्यांना यूट्यूबवरून कळता कामा नये. तीन वेळा ट्रेड झालेल्या माणसाइतकं हे कुणाला माहीत असणार?

तेव्हा दोन गोष्टी माग. बोलणी सुरू करण्याआधी खेळाडूची लेखी संमती, सौदा ठरल्यावरची सही नव्हे. आणि खेळत्या खेळाडूंची संघटना. तिच्या पहिल्या बैठकीला पाच जण आले तरी चालतील. मंडळाला राग येईल. तुला राष्ट्रीय संघात परत यायचंय, त्यामुळे ही मागणी तुझ्याकडून करणं थोडं निर्दयपणाचं आहे, हे मला कळतं. पण निवृत्तीनंतर बोलणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत.

तुझा,
बोरिवलीचा एक प्रेक्षक

ता. क. वानखेडेवर शेवटच्या षटकांत चेंडू हाती आला, तर तो तुझा आवडता आखूड टप्प्याचा संथ चेंडू दोनदा लागोपाठ टाकू नकोस. साठ हजारांचा प्रश्न नाही, आमच्या बीपीचा आहे.