बोलका मीटर

घरांतील ज्या वस्तूंकडे आपण कधींहि कौतुकानें पाहत नाहीं, त्यांत विजेच्या मीटरचा क्रमांक बहुधा पहिला लागेल. घड्याळाला आपण किल्ली देतों, आरसा पुसतों, तुळशीला पाणी घालतों. पण जिन्याखालच्या फळीवर धूळ खात बसलेल्या त्या काळ्या पेटीची आठवण व्हायची ती बिल हातीं पडल्यावर. मला मात्र या मुक्या प्राण्याविषयीं नेहमींच आदर वाटत आला आहे. आजाऱ्याच्या उशाशीं रात्रभर जळणारा दिवा, परीक्षेच्या दिवसांतलें जागरण, माहेरपणाला आलेल्या मुलीसाठीं पहाटे तापवलेलें पाणी, या साऱ्याची झळ त्याला लागे. आणि महिनाअखेर तो सांगे फक्त एक आंकडा! शिवाय 'आधीं वापरा, मग पैसे द्या' असा त्याचा सरळ व्यवहार. तोंड मिटून राहणारा आणि उधारीवर विश्वास ठेवणारा असा दुसरा सोबती सहसा मिळत नाहीं.

आतां त्याच्या जागीं येणारा स्मार्ट मीटर बोलका आहे. दर पंधरा वा तीस मिनिटांच्या वापराची नोंद तो ठेवतो आणि ती दुरूनच वाचतां येते. २०२१ सालीं केंद्र सरकारनें वीज-वितरणाच्या सुधारणेसाठीं ३,०३,७५८ कोटी रुपयांची योजना मंजूर केली, आणि मार्च २०२५ पर्यंत असे २५ कोटी प्रीपेड मीटर बसवण्याचा संकल्प सोडला.

योजनेचा हेतु वाईट होता असें मी म्हणणार नाहीं. माझे एक इंजिनियर स्नेही मला तो कागदावर आंकडे मांडून समजावून देत असत. वितरण कंपन्यांना येणारा तोटा, विजेची चोरी, चुकीचीं बिलें, दुपारीं सूर्याची वीज मुबलक तर संध्याकाळीं तुटवडा. वेळेगणिक मोजमाप झाल्याखेरीज यांवर उपाय कसा व्हावा? त्यांचें म्हणणें मला पटत असे. पण आमच्या गल्लींत शिवणकाम करणाऱ्या बाईंनीं हा बेत ऐकला तेव्हां त्या एवढेंच म्हणाल्या, "गिऱ्हाइकं पैसे देतात ते कपडे नेतांना, आणि विजेचे मात्र मी शिवायच्या आधीं द्यायचे?" या प्रश्नाला माझ्या स्नेह्यांच्या कागदावर रकाना नव्हता.

ठरलेली मुदत उलटली तेव्हां २५ कोटींचा पल्ला फार दूर होता. महाराष्ट्रांत तर लोकांचा विरोध पाहून, सामान्य ग्राहकांकडे प्रीपेड मीटर बसवणार नाहीं, असें जून २०२४ मध्यें सरकारनें जाहीर केलें. स्नेही म्हणाले, "आपले लोक अडाणी!" पण हॉलंडच्या लोकांना कोणी अडाणी म्हणत नाहीं. तेथें प्रत्येक घरीं स्मार्ट मीटर सक्तीचा करणारें, आणि तो नाकारणाऱ्यास दंड वा तुरुंग सांगणारें विधेयक २००९ सालीं संसदेच्या वरिष्ठ सभागृहांत अडलें. घरीं कोण केव्हां असतें, केव्हां निजतें, हें मीटरच्या नोंदींवरून ताडतां येईल, हा मुख्य आक्षेप होता. पुढें नकार देण्याचा हक्क ग्राहकाला मिळाला, २०११ सालीं कायदा संमत झाला आणि २०१५ पासून मीटर मोठ्या प्रमाणावर बसूं लागले. सक्ती गेली म्हणून योजना मेली नाहीं; उलट बहुतेक घरांचीं दारें तिला उघडलीं.

राष्ट्राचा बेत आंखतांना मीटर किती, खांब किती, कर्ज किती, हें सारें मोजलें जातें. जुन्या पेटीनें जो मुका भरंवसा कमावला होता, तो मात्र कोणाच्या हिशेबांत येत नाहीं. ग्राहकाच्या बाजूचे नियम नाहींत असें नाहीं. मीटरच्या नोंदीबद्दल तक्रार आल्यास कंपनीनें पांच दिवसांच्या आंत पडताळणीसाठीं दुसरा मीटर जोडावा आणि तो निदान तीन महिने ठेवावा, असा केंद्राचा २०२४ चा नियम आहे. मीटर बसवणाऱ्यानें भिंतीला हात लावण्यापूर्वीं तो दारांत उभें राहून वाचून दाखवावा.

आमच्या शिवणकामवाल्या बाई हिशेबाला भिणाऱ्या नव्हेत. वीतभर कापडाचाहि त्या हिशेब ठेवतात. आपली नोंद कोण पाहणार, पैसे केव्हां द्यायचे आणि चूक झाली तर दाद कोणाकडे मागायची, एवढें त्यांना आधीं कळलें, तर खिळा कोठें ठोकायचा ती जागा त्या स्वतःच दाखवतील.